साहेबाचा बँजो, जपानचा बेंजो

जुन्या वाद्यांवरच्या या सदराच्या या महिन्याच्या टपालात हार्मोनियमच्या पेट्यांपेक्षा बँजोच जास्त निघाले. मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की बेळगाव कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून अजून कधीकधी इंग्रजी वाद्यं बाहेर पडतात. तेवढ्यावर लोकांनी माळे उपसले असावेत.

आधी नावाचा घोळ मिटवतो. मिरवणुकीत गाडीवर वाजतो तो बटणांचा बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग. आणि डफासारखं कातडं ताणलेला, लांब मानेचा तो विलायती बँजो. दोघांत सोयरीक फक्त नावापुरती. पत्रात कुठला ते लिहीत चला, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याला जायचं.

प्रश्न : माझे आजेसासरे बेळगाव कॅम्पात एका इंग्रज अधिकाऱ्याकडे खानसामा होते. साहेब मायदेशी जाताना हे वाद्य त्यांना देऊन गेला, असं घरात सांगतात. खुंट्या सहा आहेत, तारा मात्र पाचच. सहावी खुंटी नुसतीच फिरते. पाठीमागून लाकडानं बंद आहे आणि डोक्याच्या मागे ‘लंडन’ असा पुसट शिक्का आहे. दर खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू लावतो. एक जुन्या सामानवाला आठ हजार देतो म्हणाला. बेंगळुरूचा पुतण्या म्हणतो, असले बँजो नेटवर लाखांना जातात, मी परदेशी गिऱ्हाईक बघतो. सहावी तार बसवून, पॉलिश करून विकावा का? तीन फोटो जोडले आहेत. (एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, सहावी तार शोधू नका. ती कधी नव्हतीच.

तुमच्याकडे आहे तो झिथर बँजो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड कॅमेयर नावाच्या अमेरिकन वादकानं लंडनमध्ये या प्रकाराला चांगलीच चलती आणली. याच्या पाच तारांतली एक तोकडी असते. आपल्या सतारीची चिकारी असते ना, तसंच काम तिचं; अंगठ्यानं छेडायची आणि एकच सूर धरून ठेवायचा. साध्या बँजोत या तारेची खुंटी मानेच्या कडेला, पाचव्या पडद्यापाशी (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) खोचलेली असते. झिथर बँजोत मात्र ती तार इतर तारांबरोबर डोक्यावरूनच निघते, मानेच्या पोटातल्या बारीक नळीतून लपत येते आणि पाचव्या पडद्याजवळ डोकं वर काढते. तुमच्या दुसऱ्या फोटोत तिथे उंदराच्या बिळासारखं छोटं भोक दिसतंय, तेच ते.

आता सहावी खुंटी. गिटारच्या मळसूत्री खुंट्या तीन-तीनच्या पट्टीत येत. कारागिरानं दोन पट्ट्या बसवल्या, सहा खुंट्या झाल्या, लागल्या पाच. उरलेली काढायला कोण बसतंय? म्हणून ती शंभरेक वर्षं नुसतीच फिरतेय. तिथे हौसेनं तार चढवलीत तर जाणकार गिऱ्हाईक पहिल्या नजरेला हसेल.

‘लंडन’च्या शिक्क्यावर फार भिस्त ठेवू नका. त्या काळी बरेच बँजो बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनत आणि लंडनचे दुकानदार त्यावर आपलं नाव उठवून विकत. शिक्का दुकानाचा, हात दुसऱ्याचाच. तरी तो शिक्का जपा. का, ते पुढे सांगतो.

वाद्य अस्सल किती आणि बदललेलं किती, हे मी कसं बघतो? समोरून बघतच नाही. समोरची बाजू सगळेच चमकवतात. आधी पडदे बघतो. वाजवलेल्या वाद्यात पहिल्या तीन-चार पडद्यांवर, बरोबर तारांच्या खाली, नखानं दाबल्यासारखे खळगे पडतात आणि वर जाल तसे ते विरळ होतात. खळगे सगळीकडे सारखे असले किंवा मुळीच नसले, तर पडदे नंतर बसवलेत. मग घोडी, म्हणजे कातड्यावर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, किंचित सरकवून खाली बघतो. जुन्या कातड्यावर घोडीच्या जागी फिकट पट्टा राहतो, कारण बाकीच्या कातड्यावर धूळ आणि घाम बसून ते चहाच्या गाळणीसारखं पिवळटलेलं असतं. तो पट्टा असेल तर कातडं निदान खूप वर्षं त्याच जागी आहे. आणि शेवटी स्क्रू.

स्क्रूकडे कुणी बघत नाही आणि खोटं बोलणाऱ्यालाही ते आठवत नाहीत. जुन्या स्क्रूच्या माथ्यावर वजाच्या चिन्हासारखी एकच खाच असते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यावर आले आणि आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पोचायला आणखी बराच काळ गेला. ताई, तुमच्या तिसऱ्या फोटोत तारदानाचे, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या भागाचे, दोन्ही स्क्रू अधिकवाले आहेत. म्हणजे तारदान नाही तरी निदान स्क्रू बदललेत. वाद्य त्यामुळे खोटं ठरत नाही. पण विचार करा, हे स्क्रू साहेबानं लावलेले नव्हेत. साहेब गेल्यावर तुमच्याच घरात कुणीतरी ते उघडलं, दुरुस्त केलं, बहुतेक वाजवलंही. नुसतं पुजायच्या वस्तूचं तारदान कोण दुरुस्त करतो? घरात एखादी आत्या, काकी अजून असेल तर विचारा. मला कळवलंत तर फार बरं वाटेल.

पॉलिशबद्दल एक स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. मी विशीत होतो, वडिलांच्या बेळगावच्या शहापुरातल्या दुकानात पेट्यांचे भाते चिकटवायचो. कॅम्पातल्या एका घराचं सामान विकलं जात होतं, त्यातून असाच एक झिथर बँजो वडिलांनी आणला. वडील आठवडाभर गावाला गेले होते. मी पॉलिशपेपर घेऊन मान घासली, डोकं घासलं, लाखेचे सात-आठ हात दिले, पितळी भाग चिंचेनं लखलखीत केले. वडील आले, वाद्य उलटं धरलं आणि एवढंच विचारलं, “शिक्का कुठाय?” शिक्का मी घासून टाकला होता. पितळ म्हणून ज्याला चिंच लावली त्यावर निकेलचा पातळ मुलामा होता, तोही गेला. ते वाद्य पुढे सतरा वर्षं दुकानात टांगलेलं होतं. कन्नड गिऱ्हाईक यायचं, “एष्टु?” म्हणजे ‘किती?’ विचारायचं, हातात घेऊन बघायचं आणि परत टांगायचं. शेवटी एका नाटक मंडळानं नेपथ्याला म्हणून नेलं.

तेव्हा ताई, पॉलिश नाही, चिंच नाही, ब्रासो नाही. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटका, बस. हळदकुंकवाचे डाग परदेशी माणूस डागच म्हणेल आणि भाव पाडेल. मी मात्र ते पुसणार नाही. ते काढायला पाणी लावलंत तर कातडं आधी फुगेल, मग वाळताना आवळेल आणि फाटेल. यंदाच्या खंडेनवमीपासून कुंकू वाद्य ठेवायच्या पेटीला लावा, वाद्याला नको.

आता पैशाचं. पुतण्या नेटवर बघतोय ते अमेरिकन बँजो. त्यांचं खाली टिळकवाडीच्या पत्रात येईल. झिथर बँजो इंग्लंडात ढिगानं बनले, घराघरांत गेले, मग त्यांची फॅशनच उतरली. आवाज गोड पण लहान, मोठ्या बँडात तो ऐकूच येईना. आज तिथेही साध्या नगाला भाव शेकड्यांत पौंड मिळतो, हजारांत क्वचित. नामांकित कारागिराचा, शिंपल्यांच्या जडावाचा, मूळ पेटीसकटचा नग असेल तर गोष्ट वेगळी. फोटोंवरून तुमचा तसा वाटत नाही. म्हणून माझं मत : आठ हजाराला देऊ नका आणि लाखाची वाटही बघत बसू नका. पंधरा हजारांच्या आसपास कुणी वाजवणारा माणूस भेटला तर द्या. नाही भेटला तर ठेवा, खात-पीत थोडंच आहे.

पुतण्याला मात्र एक गोष्ट आजच फोन करून सांगा. पुरावस्तू आणि कला-खजिना कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा बँजो १९०० च्या आगेमागेचा असेल तर शंभरी कधीच उलटून गेली. वय त्याहून कमी आहे असं वाटत असेल तरी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला काढावा लागतो. कुरिअरवाल्याला ‘जुनं खेळणं’ सांगून पाठवायचे उद्योग नकोत.

आणि खानापूरचा पाऊस! वाद्य माळ्यावर ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी धरते. जुन्या सुती धोतरात गुंडाळा, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या पुड्या दोन-चार आत टाका, कडुलिंबाचा पाला ठेवा. तारा प्रत्येकी अर्धा-पाऊण पीळ सैल करा. तिसरी तार आतड्याची असेल तर ती आपण होऊन तुटेल, घाबरू नका.

प्रश्न : आमची बेंजो पार्टी आहे, मी बावीस वर्षांचा आहे. कोल्हापूरकडे एक जण अस्सल जपानी बेंजो विकतोय. एकशेवीस वर्षांचा आहे म्हणतो, आतल्या बाजूला ‘निप्पॉन’ची चिठ्ठी दाखवतो. खाली अँप्लिफायरच्या पिनेसाठी भोक आहे. ३५ हजार सांगतो. घेऊ का? (एक वादक, निपाणी)

उत्तर : बावीसचा आहेस, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. भावा, आधी बेरीज कर. आपला बटणांचा बेंजो ज्याच्यावरून आला ते जपानी वाद्य म्हणजे ताइशोगोतो. ते नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलं. त्याच वर्षी जपानात ताइशो बादशहाचा काळ सुरू झाला, म्हणून हे नाव. टाइपरायटरची बटणं बघून त्यांना ही कल्पना सुचली, आणि तुझ्या बेंजोची बटणं दाबताना आजही तसंच वाटतं की नाही बघ. पहिलाच नग घेतला तरी एकशेवीस वर्षं भरत नाहीत. म्हणजे विकणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात एक थाप मारली. उरलेल्या वाक्यांचा हिशोब तूच लाव.

चिठ्ठीचं म्हणशील तर जपानी माल परदेशी जाताना आधी ‘निप्पॉन’ असा शिक्का असे. अमेरिकेनं १९२१ पासून ‘जपान’ असंच लिहिलेलं हवं असा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतच्या बऱ्याच मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असतं. म्हणून ‘निप्पॉन’ हा चांगला इशारा, पण कागदी चिठ्ठी काय, कुठूनही उचकटून कुठेही चिकटते. चिठ्ठीच्या कडा बघ. वाद्याबरोबर म्हातारी झालेली चिठ्ठी असेल तर तिच्या कडेचं लाकूड आणि कडेचा कागद एकाच रंगाला आलेले असतात. चिठ्ठीभोवती डिंकाची ओली चमक दिसली, किंवा कोपरा उचकटल्यावर खालचं लाकूड आजूबाजूच्याइतकंच काळं निघालं, तर चिठ्ठी नवी. जुनी असती तर खाली उजळ चौकोन राहिला असता. वर सनमायका असेल तर जपानचं नावच काढू नकोस.

पिनेचं भोक पाडलं तेव्हाच त्याची संग्रहातली किंमत गेली. मिरवणुकीत वाजवायला ते भोक तुला लागणारच, म्हणून तुझ्या दृष्टीनं तो दोष नाही, पण मग ३५ कशाचे? माझ्या गिऱ्हाइकांनी नवे चांगले बेंजो दहा हजारांच्या आत घेतलेत. बटणं दाबून बघ, एकेक बटण सोडल्यावर लगेच वर येतं का, खालच्या पट्टीचा तारेला नीट स्पर्श होतो का. हे सगळं ठीक असेल आणि आवाज तुला आवडला असेल तर पाच-सात दे. जपानचे वेगळे पैसे नाहीत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत नॅशव्हिलला असतो. त्याला १९३० चा गिब्सन कंपनीचा मास्टरटोन बँजो, पाच तारी, ‘युद्धपूर्व आणि पूर्ण मूळ’ असा ६,००० डॉलरना मिळतोय. बँजोवर कातड्याऐवजी प्लास्टिक आहे, एवढीच त्याला शंका आहे. (एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : सर, शंका चुकीच्या जागी आहे. प्लास्टिकचं सोडून द्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिक आलं आणि जवळपास सगळ्यांनीच ते बसवलं. कातडं हे तबल्याच्या पुडीसारखंच झिजायचं सामान आहे, त्यानं भाव पडत नाही.

खरा प्रश्न मानेचा. मास्टरटोन १९२५ ला बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत नाचाच्या बँडांत चार तारी टेनर बँजोची चलती होती. पाच तारी फार थोडे बनले. मग डिसेंबर १९४५ मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये दाखल झाले, त्यांची तीन बोटांची वाजवायची पद्धत रेडिओवरून घराघरांत गेली आणि जो तो पाच तारी मागू लागला. जुने पाच तारी होते कुठे? मग लोकांनी जुन्या टेनरच्या चार तारी माना काढून नव्या पाच तारी माना बसवल्या. असे जोडबँजो वाजायला उत्तम असतात, काही तर फारच सुरेख. पण ज्याची मान, लाकडी कडं आणि आतलं धातूचं वलय तिन्ही जन्मापासून एकत्र आहेत, त्याच्यापुढे त्यांची किंमत अगदीच थोडी. सपाट वलयाचा मूळ पाच तारी मास्टरटोन अमेरिकेतही फार मोठ्या रकमेला जातो. तो ६,००० ला विकणारा माणूस एकतर अडाणी असेल किंवा तुमच्या मुलाला अडाणी समजत असेल. नॅशव्हिलसारख्या संगीताच्या गावात पहिली शक्यता मला कमी वाटते.

मुलाला सांगा, पाठीमागचा लाकडी कटोरा उतरवून कड्याच्या आतल्या बाजूचा नंबर बघ. चार आकडे, रेघ, मग एक-दोन आकडे अशी त्याची धाटणी असते. स्क्रग्ज यांच्या ग्रनाडा बँजोचा (तोही मास्टरटोनच) नंबर ९५८४-३ आहे. तो नंबर घेऊन एखाद्या जाणत्या दुकानदाराकडं जायचं आणि विचारायचं, हा नग कारखान्यातून चार तारी निघाला की पाच तारी. मान आणि कडं जिथे भिडतात तिथेही नीट बघायला सांगा. कड्याचा रंग जुना आणि मानेच्या टाचेचं लाकूड कोरं, असं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. जोडबँजो म्हणून भाव पटला तर खुशाल घ्यावा, फक्त ‘पूर्ण मूळ’ हे शब्द पावतीवर लिहून मागावेत. ते लिहायला विक्रेता किती वेळ लावतो, ते बघण्यासारखं असतं.

प्रश्न : आमच्या जुन्या मेंडोलिन-बँजोच्या खुंट्यांची बटणं हस्तिदंताची आहेत, असं एकानं सांगितलं. तापलेली सुई टोचून खात्री करा म्हणाला. नुसती बटणं वेगळी विकता येतील का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : सुई आधी खाली ठेवा. शंभरातली नव्वद वेळा ही बटणं सेल्युलॉइडची निघतात आणि सेल्युलॉइड तापल्या सुईनं भसकन पेटतं. भिंग घ्या, खिडकीपाशी बसा. बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या, जाळीसारख्या रेषा दिसल्या तर हस्तिदंत. हस्तिदंताचा नुसता आभास द्यायला सेल्युलॉइडमध्येही रेघा घालत, पण त्या समांतर, वहीच्या ओळींसारख्या सरळ जातात. आणि खरोखर हस्तिदंत निघालं तर विकायचा विषयच संपला, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या देशात त्याचा व्यापार बंद आहे. बटणं आहेत तिथेच राहू द्यात. एखादी सैल झाली असेल तर वाद्य घेऊन दुकानात या, शनिवार सोडून. शनिवारी शहापूरच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही.